आधीच्या हाताची खूण

मामाच्या कॅमेऱ्याला आमच्या घरात सगळे ‘थ्रीएच’ म्हणत. त्याच्या कपाळपट्टीवर पाच अक्षरे कोरलेली होती: पहिले इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे, मग ई, मग एच, चौथे उलट्या एनसारखे आणि शेवटी टी. रशियन कुणालाच येत नसलेल्या घरात ते नाव असेच वाचले जाणार. ती अक्षरे ‘झेनित’ अशी वाचायची, आणि एच दिसतो तो रशियन लिपीतला ‘न’ आहे, हे मला तौलनिक साहित्यात एम. ए. करताना कळले. सुट्टीत घरी आल्यावर मी ते मोठ्या रुबाबात जाहीर केले. मामा म्हणाला, “असेल. पण हाक मारली की फोटो काढतो तो थ्रीएचच.”

तीन वर्षांपूर्वी मामाने डोंबिवलीहून मला बंगळुरूला एक पार्सल पाठवले. आत जुन्या लुंगीच्या तुकड्यात गुंडाळलेले त्या कॅमेऱ्याचे फक्त भिंग होते. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. कडेचे सारे दिसते, ज्याच्याकडे बघावे ते मात्र पुसल्यासारखे. माणसाचे कान दिसतात, नाकडोळे दिसत नाहीत. फोनवर तो एवढेच म्हणाला, “कॅमेरा राहू दे, त्याचा कापडी पडदा फाटलाय. काच अजून चांगली आहे. तुझ्या डोळ्यांनी वापर.”

काच चांगली नव्हती. खिडकीशी धरून पाहिली तर आत, पुढून दुसऱ्या काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे पसरले होते. ती बुरशी होती.

ते काढायचे म्हणून मी या भिंगाच्या मागे लागले आणि मग त्याच्या इतिहासाच्या. भाषांतर करणाऱ्या माणसाला एक खोड असते: हातात आलेला मजकूर कुठल्या मजकुरावरून आला ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. भिंगाच्या कड्यावर नाव होते ‘हेलिओस-४४-२’, पुढे ५८ मिलिमीटर आणि २ हे छिद्रमान. रशियनमध्ये ‘ह’ नाही, म्हणून ग्रीकांचा हा सूर्यदेव तिथे ‘गेलिओस’ होतो. अनुक्रमांक ८० ने सुरू होतो. त्या कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे म्हणजे हे १९८० साली, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क गावात घडले. आमच्या मामाने ते ८२ साली इमारतीतल्या एका शेजाऱ्याकडून घेतले. शेजारी कामाच्या प्रशिक्षणासाठी सोव्हिएत देशात जाऊन आले होते आणि येताना कॅमेरा, दोन फरच्या टोप्या आणि एक सामोवार घेऊन आले होते. सामोवार पुढची कित्येक वर्षे त्यांच्या शोकेसमध्ये होता. टोप्यांचे डोंबिवलीत काय करणार?

पण क्रास्नोगोर्स्क हे या भिंगाचे मूळ गाव नाही.

त्याची वंशावळ अशी. १८१७ मध्ये गणितज्ञ गाउसने दुर्बिणीसाठी दोन काचांची एक जोडी सुचवली. सत्तर वर्षांनी, १८८८ मध्ये, अमेरिकेतल्या अल्वन क्लार्कने अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, मधे छिद्र. १८९६ मध्ये जर्मनीतल्या येना गावी, झाइसच्या कारखान्यात, पॉल रुडॉल्फने त्यावर काम करून ‘प्लानार’ काढले: सहा काचा, चार गट. भिंग उत्तम, पण त्यात काच आणि हवा यांच्या आठ सीमा. प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. आठ सीमा ओलांडेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश उजेड हरवतो आणि हरवलेला उजेड आतल्या आत आपटत राहून चित्र फिकट करतो. म्हणून १९०२ मध्ये त्याच कारखान्यातून सहाच सीमांचे ‘टेसार’ निघाले तेव्हा लोकांनी ते उचलले आणि प्लानार मागे पडले. १९२७ च्या सुमारास तिथल्याच विली मर्टेने ही रचना पुन्हा हाती घेऊन ‘बायोटार’ आखले. त्याचा ५८ मिलिमीटरचा अवतार १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एक्झाक्टा नावाच्या जर्मन कॅमेऱ्यासाठी बाजारात आला. मामाचे हेलिओस म्हणजे हे बायोटार.

मधे महायुद्ध आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येनात पोचले. तो भाग ठरावाप्रमाणे सोव्हिएत ताब्यात जायचा होता. उन्हाळ्यात माघार घेताना अमेरिकनांनी झाइसचे ऐंशीच्या आसपास तज्ज्ञ, कुटुंबांसकट, पश्चिमेकडे हलवले. काचेवर लेप देण्याची युक्ती ज्याने शोधली होती तो अलेक्झांडर स्माकुलाही पुढे अमेरिकेत गेला. मग सोव्हिएत आले. त्यांनी कारखान्याची यंत्रे उचकटून गाड्यांत भरली आणि १९४६ च्या ऑक्टोबरात एका पहाटे उरलेल्यांपैकी अनेक तज्ज्ञांना घरांतून उठवून रेल्वेने सोव्हिएत देशात नेले. कोणी विचारले नाही की येता का. आराखडे, नमुने, काच आणि माणसे यांतले बरेच काही क्रास्नोगोर्स्कला पोचले.

तिथे नावे बदलली. झाइसचे ‘सोनार’ ‘ज्युपिटर’ झाले, ‘बायोटार’ ‘हेलिओस’ झाले. ‘टेसार’च्या घडणीच्या तिथल्या भिंगांना ‘इंडुस्टार’ म्हणत. लोक याला सरळ नक्कल म्हणतात, आणि कुणाच्या तरी घरातून उचलून आणलेल्या वस्तूबद्दल ते म्हणायलाच हवे. पण मला यात अडकवले ते एका तांत्रिक बारकाव्याने. सुरुवातीला ही भिंगे आणलेल्या जर्मन काचेतून घडवता येत होती. तो साठा संपला. सोव्हिएत भट्ट्यांतून निघणारी काच थोडी वेगळी होती, तिच्यात उजेड थोडा वेगळा वाकत होता. म्हणजे जुन्या आराखड्याप्रमाणे काच घासली तर चित्र बिघडणार. मग गणिती बसले आणि त्यांनी प्रत्येक पृष्ठाची वक्रता नव्या काचेसाठी पुन्हा काढली. मी कन्नडमधून मराठीत भाषांतर करते. कन्नड वाक्य क्रियापदापाशी जिथे वजन टाकते तिथे मराठी टाकत नाही, शब्दाला शब्द ठेवला तर वाक्य धूसर होते, आणि मग सगळी वळणे नव्याने काढावी लागतात. क्रास्नोगोर्स्कच्या त्या निनावी गणित्यांशी माझे सूत जमले ते इथे. चोरीचा माल होता हे त्यांनाही ठाऊक असणार.

या बदलात भिंगाला एक लकब लागली, किंवा बायोटारमध्येच होती ती जोरात दिसू लागली. छिद्र पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपला आणि मागे झाडाची पाने असली, तर ती पाने चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. आखणीच्या दृष्टीने हा दोषच. पण आज जगभरातले लोक बाजारात जुने हेलिओस शोधत हिंडतात ते त्या दोषासाठी.

झेनित-ई हा कॅमेरा १९६५ पासून निघत होता. तो तीस लाखांहून जास्त विकला गेला आणि त्यातल्या फार मोठ्या वाट्यावर हेच भिंग होते. भारतात तो पोचला त्याला कारण व्यापाराचा हिशेब. सोव्हिएत देशाशी आपला व्यवहार १९५३ च्या करारापासून रुपयांत चाले, डॉलर लागत नसत. जपानी कॅमेऱ्यावर भरमसाट जकात होती, परकीय चलन मिळत नव्हते. त्याच रुपयांच्या वाटेने पोलाद कारखान्यांची यंत्रे आली आणि पुस्तकेही आली. माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला ती गुळगुळीत कागदाची, फिक्या रंगांच्या चित्रांची, नगण्य किमतीची पुस्तके आठवत असतील: मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची, मराठीत, लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात मिळणारी. मी भाषांतराकडे वळले त्यात त्या पुस्तकांचा वाटा आहे. रशियन मुलांची नावे मराठी विभक्ती लावून कशी बोलतात हे मी पहिल्यांदा तिथे ऐकले. एकाच घरात, एकाच दशकात, रशियन गोष्ट आणि रशियन भिंग दोन्ही होती. एकावर मराठी चढवली होती आणि दुसऱ्यावर आम्ही ‘थ्रीएच’ चढवले होते.

आता हाताने फोकस करण्याविषयी. मोबाइलवर वाढलेल्या वाचकाला ते सांगावे लागते.

भिंगावर एक कडे असते. ते फिरवले की आतल्या आट्यांवरून काचांचा संच पुढे-मागे सरकतो, आणि जे अंतर जुळते तेवढेच स्पष्ट दिसते. मामाच्या भिंगाने एक मीटरवरच्या माणसाचा चेहरा छिद्र पूर्ण उघडून घेतला तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची असते. डोळा धरला तर कान सुटतो. माणूस श्वास घेताना जरा पुढे झुकला तरी चित्र गेले. घाईच्या वेळी यावर उपाय म्हणजे कड्यावर कोरलेले मीटरचे आकडे: अंतर अंदाजाने ठरवायचे, आधीच लावून ठेवायचे आणि माणूस तिथे येण्याची वाट बघायची. मामा लग्नात असेच फोटो काढी. “सप्तपदीला अडीच मीटर, मंगलाष्टकांना तीन” असे त्याचे पाढे होते.

मराठी माणसाचा या खटाटोपाशी संबंध जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. त्या काळी काळ्या कापडाखाली डोके घालून घासलेल्या काचेवर उलटी, डोके खाली पाय वर अशी प्रतिमा बघत फोकस लावावा लागे. पुढे १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या बीला अंकुर फुटून रोप होईपर्यंतचे चित्रण केले. रोज थोडे थोडे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने, १९१८ मध्ये, कॅमेराच स्वतः घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ चित्रित होऊन १९२० मध्ये पडद्यावर आली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. तेव्हा भारतात प्रकाशीय काच मात्र कुठेच तयार होत नव्हती. ती इथे होऊ लागली स्वातंत्र्यानंतर, कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत. लेथवर जे घडते ते आपण कोल्हापुरात घडवले, भट्टीतून जे निघते त्यासाठी चाळीस वर्षे थांबलो.

बंगळुरूत मात्र हाताने फोकस करणाऱ्यांची एक वेगळीच शाळा उभी राहिली, जंगलाची. या शहरातून बंदीपूर, नागरहोळे काही तासांवर. टी. एन. ए. पेरुमाळ, ई. हनुमंत राव यांची नावे इथल्या कुठल्याही छायाचित्रकाराच्या ओठावर असतात. मराठी वाचकासाठी मी त्यांच्यातले तिसरे नाव काढते: एम. वाय. घोरपडे. संडूरच्या मराठा संस्थानिकांच्या घराण्यातले, जन्म १९३१, केंब्रिजला अर्थशास्त्र शिकलेले, १९७२ ते ७७ या काळात राज्याचे अर्थमंत्री. १९८३ मध्ये लंडनच्या गोलांझने त्यांचे ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे वन्यजीव छायाचित्रकाराच्या रोजनिशीचे पुस्तक काढले. २०११ मध्ये ते वारले. बंगळुरूत राहणारा मराठी माणूस शहाजीराजांच्या जहागिरीची आठवण काढून थांबतो. एवढ्या जवळच्या काळातल्या या माणसाचे नाव त्याला सांगावे लागते, याचे मला नवल वाटते.

त्यांच्या पुस्तकाचे साल महत्त्वाचे आहे. आपोआप फोकस करणारा, लोकांना खरोखर परवडावा आणि चालावा असा पहिला एसएलआर कॅमेरा, मिनोल्टा ७०००, आला १९८५ मध्ये. म्हणजे १९८३ च्या पुस्तकातले प्रत्येक हरीण, प्रत्येक हत्ती कुणीतरी कडे फिरवून स्पष्ट केलेला आहे. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने, ५.६ च्या छिद्राने, दहा मीटरवरचा प्राणी टिपायचा तर स्पष्टतेची पट्टी सुमारे वीस सेंटिमीटर, एक वीत. जीप थरथरते आहे, उजेड झाडांतून तुकड्यातुकड्यांनी येतो आहे, आणि तो प्राणी काही उभा राहून देणार नाही. मला त्या चित्रांचा काळा-पांढरा उजेड आवडतो. पण ती बघताना माझे लक्ष आता चित्रात नसलेल्या डाव्या हाताकडे जाते.

त्या पिढीची भिंगे आता कुठे आहेत? काही कपाटांत. काही बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या रविवारच्या बाजारात, चपला आणि चार्जरांच्या शेजारी, चादरीवर. गेल्या पंधरा वर्षांत ती पुन्हा जिवंत झाली ती आरसा नसलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. कारण साधे आहे. मामाच्या भिंगाला मागच्या फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते, कारण जुन्या कॅमेऱ्यात मधे आरसा हलायचा. आरसा काढून टाकल्यावर नव्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटरवर आले. मधले २७ मिलिमीटर भरायला धातूची एक पोकळ नळी पुरते. तिच्यात काच नाही, वीज नाही. एवढ्या भांडवलावर शंभर वर्षांची भिंगे परत कामाला लागली.

त्यांचा शत्रू आहे ओल. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली की काचेवर बुरशी धरते. तिला खायला फार लागत नाही. धूळ, बोटाचा तेलकट ठसा, आतल्या ग्रीसची वाफ पुरते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी आठवड्यांत आंधळ्या होऊ लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या प्रश्नाला जुंपले गेले होते. डोंबिवलीचा पावसाळा न्यू गिनी नव्हे, पण चाळीस पावसाळे पुरेसे होतात. त्यात मामाने भिंग चामड्याच्या पेटीत जपून ठेवले. चामडे ओल धरते. वस्तू फार जपली की ती अशी मरते हे दुकानदार सांगत नाहीत. भिंग वापरावे, अधूनमधून पापडासारखे ऊन दाखवावे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवावे. ऊन दाखवताना आतल्या पात्यांचे छिद्र मिटवून, टोपण एका बाजूला लावून. नाहीतर लहानपणी भिंगाने कापूस पेटवला होता ते आठवेल.

बुरशी नुसती बसत नाही. ती आम्ल सोडते आणि ते आधी काचेवरचा लेप खाते, मग काच. या लेपाची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिच्यात बंगळुरूही येते. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कला हॅरल्ड डेनिस टेलर नावाच्या भिंगकाराला दिसले की जुनी, डागाळलेली, हवेने रंग पालटलेली भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. म्हणजे म्हातारपणाने काच सुधारली होती. पृष्ठावर एक अतिशय पातळ थर तयार झाला होता आणि तो परतणारा उजेड मारत होता. हे वार्धक्य मुद्दाम आणता येईल का, अशी धडपड त्याने केली. ते भरवशाने जमले स्माकुलाला, १९३५ मध्ये, येनात: निर्वात पेटीत काचेवर एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा थर बसवून. युद्ध संपेपर्यंत ते लष्करी गुपित होते. या लेपामुळेच प्लानारच्या घराण्यातली आठ सीमांची भिंगे पुन्हा उभी राहिली, त्यात बायोटार आणि हेलिओस आले. मामाच्या भिंगात तिरके बघितले की जांभळट-निळी झाक दिसते ती त्याचीच.

आणि १९४० मध्ये, इथे, मल्लेश्वरमपासून चालत जाता येईल अशा भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी व्ही. एस. राजगोपालन शतकानुशतके मातीत पुरलेल्या प्राचीन काचेचे रंग तपासत होते. अशी काच कुजत जाते, तिचे पापुद्रे सुटतात आणि ती मोराच्या पिसासारखी चमकते. रंग काचेत नसतो. एकावर एक बसलेल्या पातळ थरांवरून परतणारे उजेडाचे किरण एकमेकांना छेदतात, त्यातून तो निर्माण होतो. टेलरची डागाळलेली काच, स्माकुलाचा लेप आणि रामन यांच्या हातातली ती कुजलेली काच, तिघांचे भौतिकशास्त्र एक. कुजणे आणि लेप चढणे यांत काचेच्या दृष्टीने फार फरक नाही. ते मला कळल्यावर बुरशी साफ करण्याची घाई जरा कमी झाली.

पण ती पसरत होती. धागे मधोमध येत होते, आणि उजेडाकडे धरून घेतलेल्या चित्रांवर दुधाळ पडदा येऊ लागला होता. मी भिंग शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्याने सांगितले, बुरशी जाईल, पण तिच्याखालचा लेप उरला नसेल. ठीक आहे म्हटले. दहा दिवसांनी भिंग परत आले: स्वच्छ, झुळझुळीत फिरणारे. दुसऱ्या काचेवर निळी झाक कडेला तेवढी उरलेली, मधे उघडी काच. रात्री गच्चीवर गेले, चंद्राकडे रोखले आणि कडे शेवटपर्यंत फिरवले. चंद्राचा लोणचट डाग. दूरच्या इमारतींच्या खिडक्यांचेही तेच. वीस-पंचवीस मीटरपलीकडचे जग धूसर. हीच नळी, हाच कॅमेरा आणि आधी हे सगळे लख्ख येत होते.

दुरुस्तीवाला म्हणाला, जुन्या भिंगांचे असेच असते. मी भांडले नाही. भांडायला शब्द होते, पण पुरावा काय होता तर चंद्र.

कारण नंतर समजले. भिंगाचे आटे बाटलीच्या झाकणासारखे एकेरी नसतात. अनेक आटे एकमेकांशेजारी गुंफलेले असतात, म्हणजे दोन नळ्या एकमेकींत बसवायला अनेक सुरुवाती असतात. सगळ्याच तितक्याच सहज बसतात, पण त्यातली एकच बरोबर. बाकीच्यांवर भिंग फिरते सुरेख, मात्र सगळी अंतरे चुकतात. म्हणून उघडताना नळ्या जिथे एकमेकींतून सुटतात तिथे आधी ओरखडा मारून ठेवायचा, ही पहिली शिस्त. दुरुस्तीवाल्याने बहुधा ती पाळली नव्हती.

मग मीच बसले. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, दागिने ठेवायची डबी स्क्रूंसाठी, घड्याळजीचा बारीक पेचकस. कड्याच्या बाजूचे मुंडी नसलेले तीन इवले स्क्रू काढायला एक संध्याकाळ गेली. नळ्या सुटल्या. नवे ग्रीस पुसले. आता एकेक सुरुवात लावून बघायची, प्रत्येक वेळी बंद करून, गच्चीवर जाऊन. त्या आठवड्यात ढग होते. दुसऱ्या दिवशी पुसलेली आतली नळी टेबलावरच्या दिव्याखाली फिरवताना कडेवर केसासारखी एक रेघ दिसली. वाटले, ओरखडा आहे. बाहेरच्या नळीच्या ओठावरही तशीच रेघ सापडली. दोन्ही रेघा एका तिरप्या झटक्याने मारलेल्या, जराशा डावीकडे झुकत. रेघांत काळे, जुने, गोंदासारखे झालेले ग्रीस रुतले होते, म्हणजे त्या या दुरुस्तीच्या खूप आधीच्या.

मामाने हे भिंग कधी उघडले नव्हते, हे मी फोन करून विचारले. रेघ क्रास्नोगोर्स्कमधल्या कुणा कामगाराची असेल किंवा आमच्या शेजाऱ्यांच्याही आधी ज्याच्याकडे ते होते त्याच्या दुरुस्तीवाल्याची. काहीही असो, ज्याने उघडले त्याने पुढे उघडणाऱ्याची सोय केली होती. माझ्याआधी ज्याच्या टेबलावर भिंग आले होते त्याने ती खूण पाहिली नाही, एवढेच. मी रेघेला रेघ लावली, नळी सरळ धरून फिरवली, आटे धरले. तीन रात्रींनी ढग हटले. चंद्रावरचे डाग दिसले.

जुन्या हस्तलिखितांत पानाच्या समासात कुणीतरी काडीने बारीक खूण केलेली असते, इथे शब्द सुटला आहे, इथून पुढे दुसऱ्या हाताने लिहिले आहे, अशी. भाषांतर करताना मूळ प्रतीत अशी खूण सापडली की मी नेहमी थबकते. मीही माझी रेघ जोडली का? जोडली. त्या जुन्या रेघेशेजारी, जरा आखूड.

मे महिन्यात डोंबिवलीला गेले तेव्हा भिंग बरोबर नेले. मामाच्या हातात दिले. त्याने ते कानाशी नेऊन हलवले, मग कडे फिरवले, एकदा पूर्ण उजवीकडे, एकदा डावीकडे.

“कुणी उघडलं होतं?”

“दोघांनी. दुसरी मी.”

“ग्रीस माझं नाही हे. पूर्वी थंडीत जड जायचं.” मग म्हणाला, “जा, त्या खिडकीत उभी राहा. बदामाच्या झाडाकडे पाठ करून.”

मी कॅमेऱ्यावर भिंग चढवून त्याच्या हातात दिला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. त्याने कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. छातीशी धरला, माझ्या आवाजाच्या दिशेने मान जरा कलती ठेवली आणि अंगठ्याने कडे सरकवत नेले, थांबला, एक केसभर मागे घेतले. बटण दाबले.

मी जाऊन बघितले. कड्यावरची खूण दोनच्या जरा पुढे होती. पडद्यावर माझे डोळे स्पष्ट होते, डावा जास्त.

“मागची पानं फिरलीत का गं?” मामाने विचारले.

फिरली होती. मधोमध, लेप गेला होता तिथून आलेला उजेड चेहऱ्यावर किंचित सांडला होता, पण पाने फिरली होती. मी त्याला तसे सांगितले.

“मग टोपण लाव आधी,” तो म्हणाला, “धूळ बसते.”